आबांचा दात आणि आमचा फुटबॉल

मुलांना फुटबॉल शिकवायचा असेल, तर आधी आपल्या वडिलांचे पुढचे दात शाबूत आहेत की नाहीत, ते पाहून घ्यावं.

हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. बाकी पुष्कळ सांगितलं होतं. मी बीडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (त्याआधी कॉलेजच्या सगळ्यांत जवळ पोचलेली म्हणजे आमची एक शेळी. माझे वडील, म्हणजे आबा, कळप घेऊन बीडवरून जाताना तिनं एका कॉलेजच्या कुंपणाची मेंदी खाल्ली होती. ती गोष्ट आमच्याकडं अजून अभिमानानं सांगतात.) आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारे. मीही कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये राखीव खेळाडू आहे. मॅच चालू असताना मी कडेला बसून पाण्याच्या बाटल्या राखतो. एका मॅचला मला वॉर्मअप करायला सांगितलं होतं. मी केला. मग मॅच संपली.

पण टीमचा ट्रॅकसूट मात्र मला मिळाला होता. काळा, आणि खांद्यावरून खाली आलेला एक पांढरा पट्टा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घालून मी चौसाळ्याला बस सोडली आणि पायवाटेनं वाडीवर आलो. आबा बांधावर उभे होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले,

"आरं, तू हाईस व्हय? मला लांबून वाटलं, बांडीच आली पळून!"

बांडी ही आमच्या कळपाची म्होरकी मेंढी. अंगानं काळी, खांद्यावर पांढरा पट्टा, गळ्यात घंटी. मी हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

घरात पाय ठेवला तर माझी धाकटी बहीण शेवंता, म्हणजे शेवी, दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. सहावीतून सातवीत गेलेली. वाडीतल्या सगळ्या पोरांची पुढारी.

"दादा, तू कॉलेजच्या टीमात हाईस ना?"

"हाय की."

"मग आमाला शिकीव. न्हाई शिकिवलं तर आमचं ग्राऊंड जातंय."

ग्राऊंड म्हणजे शाळेमागचं बापूंचं रान. बापू आमच्या वाडीचे मोठे शेतकरी, एकेकाळी जिल्हा परिषदेवर निवडून आलेले आणि तेव्हापासून माइक न सोडलेले. ते रान उन्हाळ्यात मोकळं पडायचं, आणि आसपास तेवढंच सपाट. बाकी सगळीकडं दगड आणि बाभळी. पोरं तिथं खेळायची. पण यंदा बापूंनी तिथं सीताफळाची बाग लावायचं ठरवलं होतं. तारेच्या कुंपणाचे खांबसुद्धा येऊन पडले होते. मग शेवी दहा-बारा पोरं घेऊन बापूंच्या ओट्यावर जाऊन बसली आणि उठेचना. शेवटी बापू म्हणाले, "बरं. चौसाळ्याच्या पोरांसंगं मॅच लावू. मांडव घालू, माइक लावू. आपल्या पोरांत दम दिसला तर रान तुमचं. न्हाई दिसला तर दुसऱ्या दिवशी खड्डे." (निवडणूक जवळ आली होती. ती आमच्याकडं नेहमी जवळच असते.)

"बापू खरंच देतील?" मी विचारलं.

"माइकवर बोलले तर देतील," शेवी म्हणाली. "म्हणून तर मॅच पायजे."

माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. शिकलेल्या माणसाची गावाला गरज पडते, असं मी फक्त भाषणात ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिट्टी वाजवून पोरांना रानात एका रांगेत उभं केलं. मुलांनी फुटबॉल कसा शिकावा, याचे मी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की मला स्वतःला खेळायला वेळ उरला नव्हता. आधी शिस्त, मग पाया, मग तंत्र. खुणेला ठेवायला कोन नव्हते, म्हणून मी मायचे स्टीलचे पेले आणून ओळीनं उपडे घातले.

"आता एकेकानं पेल्यांमधून पळायचं. वळायचं. परत येऊन रांगेच्या शेवटी थांबायचं."

"आन बॉल?" गण्या म्हणाला. हा आमचा गोलकीपर. अंगानं आडवा असल्यामुळं त्याला कुणी विचारलंच नव्हतं, परस्पर नेमलं होतं.

"बॉल नंतर. आधी बॉलशिवाय."

"बॉलबिगर फुटबॉल?"

"त्याला पाया म्हणतात, गण्या."

पोरं पेल्यांमधून पळू लागली. रांग लांब, पळायची वाट आखूड. एकजण पळायचा, बाकीचे उभे. दोघं खाली बसून मुंग्या बघायला लागले. एक पोरगं उभ्या उभ्या झोपलं. तिसऱ्या सकाळी शेवीनं हात वर केला.

"दादा, बॉलला पाय कवा लावायचा?"

"तिसऱ्या आठवड्यात."

"मॅच तर दुसऱ्या आठवड्यात हाय!"

हा मुद्दा व्हिडिओत नव्हता. मी जरा विचार केला आणि बॉल आणला. पण रांग सोडली नाही. आता प्रत्येकानं आपला नंबर आला की बॉलला एकदा पाय लावायचा आणि मागं जाऊन उभं राहायचं. नंबर नसताना जो बॉलला शिवेल त्याला बाहेर बसवायचं. मी हे इतकं ठासून शिकवलं की आठवडाअखेरीपर्यंत एकही पोरगं आगाऊपणानं बॉलच्या जवळ जाईना. मला फार बरं वाटलं. शिस्त यायला लागली होती!

तेवढ्यात घरून मायची हाक आली. "मल्हारीऽ! पाव्हणे आलेत, आन घरात प्यायला एक पेला न्हाई! कुठं गेले सगळे?"

"पाया घालतोय, माय!" मी ओरडलो.

"घाल कुठं घालायचा तिथं, पेले आधी दे!"

पाहुण्यांना तांब्यानंच पाणी पाजलं गेलं. त्या दिवसापासून मी खुणेला दगड ठेवू लागलो.

खरा त्रास व्हायचा तो संध्याकाळी. दिवस कलायला लागला की आबा कळप घेऊन ओढ्याकडून परत यायचे, आणि माझी शिस्तीतली पोरं बॉल घेऊन थेट मेंढ्यांत घुसायची. बॉल मेंढीच्या पोटाखालून घालायचा, पलीकडून पळत जाऊन गाठायचा, दुसरी आडवी आली की पायानं ओढून वळवायचा, एडका डोकं खाली घालून आला की बॉल त्याच्या दोन पायांतून काढून आपण बाजूला व्हायचं. शेवी तर अख्ख्या कळपाच्या या टोकाहून त्या टोकाला बॉल न्यायची आणि एका मेंढीला धक्का लागायचा नाही. आरडाओरडा, धूळ, हसणं. ना रांग, ना नंबर.

मी शेवीला बाजूला घेऊन समजावलं.

"शेवे, हा फुटबॉल न्हाई. हा गोंधळ हाय."

"पर दादा, हितं मजा येती."

"मजा हा पाया नव्हे."

ती माझ्याकडं बघत राहिली. असं ती फक्त आजारी कोकरांकडं बघते.

आता आबांचा दात. मी यायच्या आधी, दोरीची गाठ दातानं सोडताना आबांचा पुढचा एक दात पडला होता. माणसाचं त्यात फारसं अडत नाही, पण मेंढक्याचं अडतं. आबांचा सगळा कारभार शिळेवर. तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली की ओढ्यापलीकडची मेंढीसुद्धा वळायची. आता शीळ घातली की नुसती हवा यायची. मेंढ्या मान वर करून आबांकडं बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. (मी वर्गात शंका विचारली की आमचे सर असंच करतात.)

एका सकाळी आबा माझ्याजवळ आले. माझ्या गळ्यात बीडहून आणलेली चकचकीत शिट्टी होती.

"मल्हारी, तुझी ती पिपाणी दे बरं जरा."

"आबा, पिपाणी न्हाई ती. रेफ्रीची शिट्टी हाय."

"तेच ते. वाजती ना?"

मी दिली. खरं सांगतो, देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजातून आणलेली एक तरी वस्तू आबांच्या उपयोगी पडत होती! पोरांना काय, मी टाळ्या वाजवून शिकवायचो.

आबांनी ती शिट्टी गळ्यात घातली आणि दिवसभर रानोमाळ वाजवत हिंडले. मेंढी ही फार लवकर शिकणारी जात आहे. (रांगेत उभी करायची नसते ना तिला.) तीन-चार दिवसांत आबा जेवताना खुशीत म्हणाले,

"मल्हारी, लई गुणाची हाय रं पिपाणी. आखूड वाजिवली की..."

"आबा, थांबा जरा," मी म्हणालो. मी तेव्हा ताटातल्या मिरच्यांची मांडणी करून बचावफळी बघत होतो. "मॅच झाल्यावर सांगा."

आबांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. तीन मिरच्या बचावाला ठेवून मी चौथी खाल्ली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. कळप रात्रभर रानात बसला की लेंड्या आणि मुतानं रान खतावतं, आणि त्याच्या बदल्यात मेंढक्याला धान्य मिळतं. मागच्या साली आबांनी बापूंच्या रानात मेंढ्या बसवल्या, तर बापूंच्या गड्यानं कीड लागलेली ज्वारी आणून टाकली. आबांनी ती पारावर नेऊन सगळ्यांसमोर ओतली आणि शपथ घेतली, "यापुढं बापूच्या रानात माझी एक मेंढी बसणार न्हाई!" बापूंनी यंदा दोनदा निरोप पाठवला. आबांनी दोन्ही वेळा निरोप्याला चहा पाजून परत लावलं. अख्ख्या वाडीला हे माहीत होतं.

मॅचचा दिवस उजाडला. बापूंच्या रानात मांडव, खुर्च्या, माइक. चुन्याच्या रेघा मी स्वतः मारल्या. (एक कोपरा जरा आत आला, पण तिथं वारूळ होतं.) रेफ्री म्हणून बापूंनी माझं नाव पुकारलं. "बीडच्या कॉलेजात फुटबॉल खेळणारे, आपल्या वाडीचं भूषण, मल्हारीराव!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला राव म्हणालं. मी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

पिवळं आणि लाल कार्डही मी तयार केलं होतं. लग्नपत्रिका कापून. पिवळ्यावर 'सहकुटुंब' आणि लालवर 'आमच्या छकुलीच्या' एवढंच उरलं होतं.

आबा मॅच बघायला आले, पण मांडवाकडं फिरकले नाहीत. लांब बांधावर बसले.

"आबा, खुर्चीत बसा की."

"बापूच्या मांडवात मी बसत न्हाई. बांध समाईक हाय."

"मेंढ्या कुठं हायत?"

"वढ्याच्या पल्याड, गायरानात. कुत्रं हाय राखायला."

"बरं, मग शिट्टी द्या."

आबांनी गळ्यातली शिट्टी काढली, धोतराला पुसली आणि जरा चाचरत माझ्या हातात ठेवली. "घे. पर जपून वाजीव, बाबा."

"आबा," मी समजूतदारपणे हसलो, "माझं कामच ते हाय."

चौसाळ्याची पोरं टेम्पोतून उतरली. सगळ्यांना सारखे निळे बनियन, सारखे बूट आणि बरोबर टोपी घातलेले सर. आमच्याकडं गण्याच्या एका पायात बूट होता. दुसरा शेवीच्या पायात होता.

मी घड्याळ बघितलं, छाती भरून घेतली आणि आखूड शिट्टी वाजवली. मॅच सुरू!

निळ्या पोरांनी बॉल ढकलला आणि पळत सुटली. आमची पोरं? आमची पोरं शिट्टी ऐकताच एका रांगेत उभी राहिली. सरळ. हाताच्या अंतरावर.

"अरे, धरा त्यांना!" मांडवातून लोक ओरडले.

"आमचा नंबर न्हाई आला!" रांगेतलं दुसरं पोरगं ओरडलं.

रांगेत पहिला असलेला पोरगा इमानदारीनं पुढं गेला, बॉलला एकदा पाय लावला आणि मागं जाऊन उभा राहिला. निळ्या पोरांनी बॉल गोलात घातला. गण्यानं हलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "माझा नंबर शेवटचा हाय," तो म्हणाला.

मांडवात बापूंनी खांबांच्या ढिगाकडं बघितलं, मग शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली. ती मान खड्ड्यांच्या बाजूनं हलली, हे मला लांबूनही कळलं. शेवीनंही पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

मी गोलची शिट्टी वाजवली. आखूड. पुन्हा बॉल मध्ये ठेवून आखूड. तेवढ्यात निळ्या पोराचा हात बॉलला लागला. पुन्हा आखूड. माझं काम मी चोख करत होतो.

तेव्हाच कुठून तरी घंटीचा आवाज यायला लागला. किणकिण. किणकिण. मला वाटलं, बापूंनी काहीतरी कार्यक्रम ठेवला असेल.

मग बांधावर आधी एक काळं डोकं दिसलं. बांडी! तिच्या मागं दुसरं डोकं, तिसरं, आणि मग अख्खा बांध काळा झाला. आबांनी कपाळाला हात लावला. कळप बांध ओलांडून सरळ मैदानात उतरला आणि चुन्याच्या रेघेवरून थेट माझ्याकडं आला. बॉलकडं नाही, माणसांकडं नाही, माझ्याकडं! बांडीनं माझ्या पोटाला नाक लावलं आणि बाकीच्या माझ्याभोवती गोळा झाल्या.

"ओ रेफ्री!" चौसाळ्याचे सर ओरडले. "ह्या मेंढ्या काढा की!"

"काढतो सर!" मी म्हणालो आणि खेळ थांबवायला शिट्टी वाजवली.

मागं रेंगाळलेल्या मेंढ्या पळत आल्या.

मी घाबरून आणखी वाजवली. ओढ्याकाठी राहिलेली कोकरंसुद्धा आली.

"दादाऽ!" शेवी लांबून किंचाळली. "शिट्टी वाजवू नकूऽ!"

माझा रेफ्रीचा अभिमान जागा झाला. स्वतःच्या बहिणीला झुकतं माप दिलं असं लोक म्हणाले तर? मी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि हात उंच केला. "रेफ्रीला सांगायचं न्हाई! हे बघ!"

मागून कळपातल्या आमच्या शेळीनं ते कार्ड ओढून घेतलं आणि खाल्लं. मी लाल काढलं. ते तिनं खिशातून पुरतं निघूही दिलं नाही.

आता मोठी अडचण अशी की रेफ्रीनं बॉलच्या जवळ राहायचं असतं. मी बॉलमागं पळालो. कळप माझ्यामागं पळाला. मी वळलो, कळप वळला. त्यामुळं बॉल जिथं, तिथं मी, आणि मी जिथं, तिथं आमची सगळी इस्टेट! निळ्या पोरांच्या पायांत मेंढ्या, पुढं मेंढ्या, बुटावर लेंड्या. एकजण एडक्याला बघून रडायला लागला. दोघं टेम्पोवर जाऊन चढले.

आणि तेव्हा मी बघितलं, आमच्या पोरांची रांग मोडली.

मेंढ्या दिसताच त्यांना कुठलाच नंबर आठवला नाही. ती रोजच्यासारखी घुसली. एकानं बॉल मेंढीच्या पोटाखालून काढला, दुसऱ्यानं पलीकडं गाठला, तिसऱ्यानं एडक्याला हूल देऊन पुढं घातला. एका बुटातल्या शेवीनं तो घेतला आणि कळपातून अशी निघाली की मांडवातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. या मेंढीच्या डावीकडून, त्या कोकराच्या उजवीकडून, बांडीला वळसा, आणि समोर गोल! निळ्यांचा गोलकीपर आणि आमचा एडका एकमेकांकडं टक लावून बघत होते. दोघंही हलायला तयार नव्हते. शेवीनं बॉल दोघांच्या मधून आत घातला.

मांडव उसळला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या. "शेवेऽ! वाघीण गं माझी!" ही माय होती.

"हा गोल धरता येत न्हाई!" चौसाळ्याचे सर मैदानात आले.

"काऊन धरता येत न्हाई?" आमची माणसं मैदानात आली.

"मैदानात मेंढ्या हायत!"

"मग? तुमच्या पोरांना कुणी मेंढ्या आणू नका म्हनलं होतं का?"

"रेफ्री, नियम सांगा!"

सगळे माझ्याकडं वळले. मेंढ्या आधीच माझ्याकडं वळलेल्या होत्या. मी नियम बघायला मोबाइल काढला. रेंज नव्हती. माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली, एका निळ्या पोराच्या वडलांनी आमच्या कुणाचा तरी पटका ओढला, आणि मला वाटलं, आता काहीही होऊ शकतं. एकच उपाय उरला होता. मॅच संपवायची. मी डोळे मिटले, असेल नसेल तेवढा सगळा दम एकवटला आणि आयुष्यातली सगळ्यांत लांब शिट्टी वाजवली.

"नकूऽऽ!" बांधावरून आबा ओरडले. पडक्या दातातून अर्धा शब्द हवेतच गेला.

मी डोळे उघडले. अख्खा कळप बसला होता. बांडी माझ्या पायाशी, एडका गोलात, कोकरं चुन्याच्या रेघांवर. पाय दुमडून, डोळे मिटून, रात्रीच्या मुक्कामाला बसतात तशा निवांत. बापूंच्या रानात!

तेव्हा मला आबांचं ते ताटावरचं अर्धं बोलणं आठवलं आणि उरलेलं समोर बघून कळलं. आखूड वाजवली की "माझ्याकडं या." लांब वाजवली की "बसा." मिरच्यांच्या नादात मी पुढचं ऐकलंच नव्हतं.

सगळ्या वाडीच्या माना बांधाकडं. आबा उभे होते आणि त्यांची शपथ मैदानभर बसून रवंथ करत होती.

मी धावत गेलो. "आबा, उठवा की त्यांना!"

"कशानं उठवू?" आबा हळू आवाजात म्हणाले. "दात हाय का मला?"

"मग मी वाजवू?"

"तू काय बी वाजवू नकूस!"

तेवढ्यात माइक खरखरला. बापू उठले होते. भाषणासारखी संधी त्यांनी कधी सोडलेली नाही.

"मंडळी! आज आपल्या पोरांचा दम तर दिसलाच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपले बिरूभाऊ मागचं सगळं विसरले, आणि पोरांच्या ग्राऊंडसाठी, कुणी न सांगता, सगळ्यांदेखत माझ्या रानात मेंढ्या बसवल्या! याला म्हणतात मोठं मन!"

टाळ्या! आबांचं तोंड उघडं पडलं. बिरूभाऊ म्हणजे आबाच. नाही म्हणावं तर मोठं मन जातं, हो म्हणावं तर शपथ जाते.

आणि त्या टाळ्या संपायच्या आत शेवी एका बुटावर लंगडत मांडवात गेली. तिनं बापूंच्या हाताखालून माइक आपल्याकडं वळवला.

"बापू, आबा दर उन्हाळ्याला मेंढ्या बसवतील. असं खतावलेलं रान सीताफळाला कशापायी घालता? सीताफळ दगडात बी येतं. वरच्या माळाला लावा. हितं पावसाळ्यात तुमी पेरा, आन सुगी झाली की ग्राऊंड आमचं. रात्री मेंढ्या बसतील, दिवसा आमी खेळू."

बापूंनी डोळे बारीक केले. आधी बसलेल्या मेंढ्यांकडं बघितलं, मग वरच्या माळाकडं. माणूस हिशेबाचा आहे.

"आन ज्वारी निवडून द्यायची," शेवीनं माइकमध्ये पुढं घातलं. "कीड चालणार न्हाई."

सगळी वाडी हसली. बापूही हसले, कारण माइक चालू होता. "दिली! रान बी दिलं, ज्वारी बी चांगली दिली!"

मी आबांकडं बघितलं. ते धोतराचा सोगा तोंडाला लावून उभे होते. रागानं की हसून, ते मला अजून कळलेलं नाही.

कुंपणाचे खांब वरच्या माळावर गेले. गोल धरायचा की नाही, त्याचा निकाल लागला नाही. चौसाळ्याची पोरं मात्र पुढच्या रविवारी आपण होऊन आली, बूट न घालता, आणि मेंढ्यांत खेळायला मिळेल का म्हणून विचारू लागली. आता दोन्हीकडची पोरं रोज संध्याकाळी कळपात शिकतात. मला कुणी बोलावत नाही. शिट्टी आबांनी कायमची ठेवून घेतली. नवा दात बसवायला तालुक्याला नेतो म्हटलं तर म्हणाले, "कशाला? पिपाणी हाय की." मी हळूच विचारलं, "शेवे, मी शिकवलेल्या पायाचं काय झालं गं?" ती म्हणाली, "पेले घासून ठिवले मायनं."

मॅचच्या दिवशी, सगळं मिटल्यावर, बापूंच्या पुतण्यानं काढलेला फोटो मोठा करून मायनं भिंतीला लावलाय. घरी येईल त्याला ती उभं करून दाखवते. ही शेवी, हा गण्या, हे बापू, हे आबा तोंड मिटून. मग पाहुणा विचारतो, "आन तुमचं कॉलेजातलं पोरगं?"

"ह्यो काय, मधोमध!" म्हणत माय अभिमानानं काळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवते. "सगळे ह्याच्याच भवती गोळा झालेत बघा."

ती बांडी आहे. मी त्या फोटोत कडेला आहे, पाण्याच्या बाटल्यांपाशी. पण मायला मी अजून सांगितलेलं नाही. मधोमध उभं राहायची संधी मला टीममध्ये कधी मिळेल, काय नेम!